आईच्या ओव्या आणि ऑडॅसिटीचा पडदा: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या आहेत, साधारण ४० मिनिटं. काही ओव्या नुसत्या म्हटलेल्या, काही जातं फिरवत. मागे पंखा चालू आहे, कुत्रा भुंकतो, मधेच भाऊ बोलतो. ऑडॅसिटी, म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज कापण्या-जोडण्याचा प्रोग्राम, उतरवून घेतला, पण बटणं बघून घाबरून बंद केला. व्हिडिओ बघावेत तर त्यातला पडदा आणि आपला पडदा जुळत नाही. तर शिकायचं कुठून?

तुमच्या हातात खरी फाइल आहे आणि ती तुमच्या आईची आहे, ही शिकण्यासाठी फार चांगली परिस्थिती. बटणांची यादी पाठ करून हे काम कोणालाच आलेलं मी पाहिलेलं नाही. एक फाइल घेऊन बसलं की आठवड्याभरात हात बसतो.

पण आज ऑडॅसिटी उघडू नका. आधी मोबाइल केबलने जोडा आणि ती फाइल जशीच्या तशी उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचीच वेळ आली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये एक प्रत आणि पेन ड्राइव्हवर दुसरी. या दोन्हींना यापुढे हात लावायचा नाही. ऑडॅसिटी फाइल आत घेताना स्वतःची प्रत करून घेतं, तुमच्या मूळ फाइलमध्ये काही बदलत नाही, हे खरं आहे. तरीही ही सवय लावून घ्या. मूळ सुखरूप आहे हे माहीत असलं की माणूस बिनधास्त चुका करतो, आणि चुका केल्याशिवाय हे काम येत नाही.

आता फाइल आत घ्या. माउसने ओढून खिडकीत सोडली तरी चालते. बहुतेक मोबाइल एम४ए प्रकारची फाइल करतात आणि विंडोजवर ऑडॅसिटी ती उघडायला नकार देऊ शकतं. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. एफएफएमपेग नावाची एक जोडणी वेगळी बसवावी लागते, ती फुकट आहे. आणखी एक गोष्ट बघून दचकाल: मोबाइलमधली ३०-४० एमबीची फाइल ऑडॅसिटीत सेव्ह केली की ४०० एमबीच्या वर जाते. मोबाइलने दाबून बसवलेला आवाज इथे पूर्ण उलगडून ठेवलेला असतो, सेकंदाला ४४,१०० मोजमापं आणि प्रत्येक मोजमापाला चार बाइट. म्हणून डिस्कवर दोन-तीन जीबी मोकळी ठेवा.

पडद्यावर आता जे दिसतं त्यातला वरचा बटणांचा पट्टा तूर्त विसरा. मधली निळी पट्टी बघा. हा ट्रॅक. डावीकडून उजवीकडे वेळ जाते, वर मोजपट्टीवर मिनिटं-सेकंद आहेत. पट्टी जिथे फुगलेली तिथे आवाज मोठा, जिथे बारीक दोरीसारखी तिथे शांतता, किंवा तुमच्या बाबतीत पंखा. निळ्याच्या दोन छटा दिसतील. बाहेरची गडद छटा म्हणजे त्या क्षणी आवाजाने गाठलेलं टोक, आतली फिकट छटा म्हणजे आवाजाची सरासरी ताकद. कानाला 'मोठा' वाटतो तो आवाज आतल्या फिकट पट्ट्याच्या जास्त जवळचा असतो. कुत्र्याचं भुंकणं बघा: उंच टोकदार सुळका आणि आत फिकट भाग अगदी थोडा. आईची लांब ओढलेली ओळ बघा: उंची कमी, पण आतला भाग भरलेला. हे एकदा डोळ्यांना कळलं की न ऐकताही फाइल वाचता यायला लागते.

ट्रॅकच्या डाव्या अंगाला छोटी चौकट आहे. तिथे 'म्यूट', 'सोलो' आणि आवाजाची सरकपट्टी. एकच ट्रॅक असेपर्यंत तिचं काम नाही. एकाऐवजी दोन निळ्या पट्ट्या एकावर एक दिसत असतील तर रेकॉर्डिंग स्टिरिओ आहे. एका माणसाच्या आवाजाला त्याची गरज नसते, 'ट्रॅक्स' मेनूतून ते मोनो, म्हणजे एकाच पट्टीचं, करून घ्या. काम निम्मं हलकं होतं.

व्हिडिओ का जुळत नाहीत ते सांगते. हा प्रोग्राम १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केला, २००० मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. इतकी वर्षं त्याचा पडदा जवळपास तसाच होता. २०२१ मध्ये मोठे बदल झाले. तुकडा सरकवण्यासाठी दुतोंडी बाणाचं वेगळं हत्यार होतं, ते काढून टाकलं. आता तुकड्याच्या माथ्यावरची पट्टी पकडून ओढलं की तो सरकतो. त्याच वर्षी सेव्ह करायची पद्धतही बदलली. आधी एक छोटी फाइल आणि तिच्याबरोबर आवाजाचे तुकडे ठेवणारा एक फोल्डर तयार व्हायचा. आता सगळं एकाच फाइलमध्ये असतं. त्या जुन्या पद्धतीत मी एकदा नुसती छोटी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन घरी आले, फोल्डर तिकडेच राहिला आणि तो कॉम्प्युटर मधल्या काळात पुसला गेला. तीन दिवसांचं काम होतं. 'मूळ' फोल्डरबद्दल एवढं बजावून सांगते ते त्यामुळे. तेव्हा व्हिडिओ बघायचेच असतील तर २०२२ नंतरचे बघा.

आता खरं शिकायचं ते. आवाज संपादनातलं जवळजवळ प्रत्येक काम दोन पायऱ्यांचं असतं: आधी निवडायचं, मग त्या निवडीवर काहीतरी करायचं. कापणं, लहान-मोठं करणं, पंखा कमी करणं, सगळं असंच. ज्याला नेमकं निवडता आलं त्याला ऐंशी टक्के काम आलं असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगते. म्हणून पहिले दोन दिवस काहीही कापू नका, फक्त निवडा. ट्रॅकवर माउस दाबून ओढा, स्पेसबार दाबा, तेवढाच भाग वाजेल. पुन्हा स्पेसबार, थांबेल. कंट्रोल-१ ने जवळ जायचं, कंट्रोल-३ ने लांब. कंट्रोल-ई ने निवडलेला भाग पडदाभर होतो, कंट्रोल-एफ ने पूर्ण फाइल एका नजरेत येते. या चार कळा आणि स्पेसबार बोटांत बसेपर्यंत माउसने भिंगाच्या चिन्हांकडे जाऊ नका. अभ्यास हा: एका ओवीची पहिली ओळ निवडायची. आईने घेतलेला श्वास त्यात आला पाहिजे, आधीच्या ओळीचं शेपूट येता कामा नये. दहा ओव्यांवर हे करा. एखाद्या वेळी मेनूतल्या गोष्टी पुसट दिसल्या आणि दाबता येईनात, तर आवाज चालू किंवा अर्धवट थांबलेला असतो. चौकोनी स्टॉपचं बटण दाबा, सगळं जागेवर येईल. नवशिक्यांचा निम्मा वैताग या एका गोष्टीतून येतो.

मी कापायला शिकले ते फितीवर. पाव इंच रुंदीची टेप, सेकंदाला साडेसात इंच वेगाने चालणारी. म्हणजे एका सेकंदाचा आवाज हातात धरला तर साधारण १९ सेंटिमीटर लांब. निवेदकाचा अर्ध्या सेकंदाचा श्वास वीतभरसुद्धा नाही. दोन्ही रिळं हाताने मागेपुढे फिरवून शब्दाची सुरुवात कानाने शोधायची, पेन्सिलीने खूण करायची आणि ब्लेडने तिरका छेद द्यायचा. तिरका अशासाठी की एक आवाज संपताना दुसरा हळूच आत यावा, सांधा ऐकू येऊ नये. आज स्क्रीनवर तुम्ही दोन तुकड्यांमध्ये 'क्रॉसफेड' देता, तो म्हणजे तोच तिरका छेद. फरक एवढाच, तुमच्याकडे कंट्रोल-झेड आहे. तो मनसोक्त वापरा.

सांधा ऐकू येतो कशामुळे, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. कुठल्याही स्वरावर जा आणि कंट्रोल-१ दाबत राहा. निळी पट्टी उलगडत जाते, आधी डोंगररांग, मग नागमोडी रेघ, शेवटी त्या रेघेवर मण्यांसारखे सुटे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे सेकंदातल्या ४४,१०० मोजमापांतलं एक. ही रेघ मधल्या शून्य रेषेच्या वर-खाली जात असते. तुम्ही रेघ वर असताना कापलं आणि पुढचा तुकडा रेघ खाली असताना सुरू झाला, तर स्पीकरला एका क्षणात उडी मारावी लागते. तीच 'टक्' म्हणून ऐकू येते. निवड केल्यावर झेड ही कळ दाबा, निवडीची दोन्ही टोकं जवळच्या शून्य छेदावर, म्हणजे रेघ शून्य रेषेला छेदते त्या जागी, सरकतात. कापण्याआधी सी दाबलं तर निवडलेला भाग वगळून आजूबाजूचा आवाज वाजतो. सांधा कसा लागेल ते न कापताच कळतं.

शून्य छेद ही झाली यंत्राची बाजू. भाषेची बाजू त्याहून कामाची आहे आणि ती कुठल्या पुस्तिकेत मिळत नाही. प, त, ट, क ही व्यंजनं म्हणताना तोंड क्षणभर बंद होतं, मग हवा सुटते. 'पंढरी' हा शब्द मोठा करून बघा: 'प'च्या आधी पट्टी एकदम बारीक झालेली दिसेल, सेकंदाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याएवढी, आणि मग ठिणगीसारखा उभा झटका. त्या बारीक जागेत कापा, कोणाच्या बापाला कळणार नाही. आई एखादी ओळ चुकली आणि 'त'ने सुरू होणाऱ्या शब्दापासून पुन्हा म्हणाली, तर दोन्ही ठिकाणी त्या 'त'च्या आधीच्या पोकळीत छेद द्या. स, श हे दाट केसाळ पट्ट्यासारखे दिसतात, तिथेही मधे कापलं तर बऱ्याचदा खपून जातं. म, न, ल आणि स्वर मात्र एकमेकांत वाहत जातात, त्यांच्या मधोमध कधी कापू नका. ओवीत शेवटचा स्वर लांब ओढलेला असतो आणि त्याचं शेपूट पंख्याच्या आवाजात विरत जातं. डोळ्यांना वाटतं ओळ संपली, कानाला अजून ऐकू येत असते. ओळीचं शेपूट हेडफोन लावूनच कापा.

आणि कापलेल्या जागी 'सायलेन्स' घालू नका. निवडून कंट्रोल-एल दाबलं की तिथे ठार शांतता येते, पंखासुद्धा नाही. ऐकणाऱ्याला खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं. भावाचं बोलणं दोन ओव्यांच्या मधे असेल तर दुसरीकडचा नुसत्या पंख्याचा तेवढाच तुकडा कॉपी करून त्यावर पेस्ट करा. भाऊ ओवी चालू असताना बोलला असेल तर तो भाग तसाच राहू द्या. दोन माणसांचे एकत्र रेकॉर्ड झालेले आवाज ऑडॅसिटीच्या साध्या हत्यारांनी सुटे होत नाहीत. खटाटोप केला तर आईचा आवाज चिरफाळतो.

तिसऱ्या दिवशी लेबलं. माझ्या मते तुमच्या कामाला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, आणि बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत. फाइल वाजवत ठेवा. नवी ओवी सुरू झाली की कंट्रोल-एम दाबा, खाली एक झेंडा उमटतो, त्यात ओवीचे पहिले दोन शब्द टाइप करा, मराठीत, आणि एंटर मारा. एंटर विसरलात तर पुढचा स्पेसबार आवाज थांबवण्याऐवजी लेबलात जागा सोडत बसेल. ४० मिनिटांत किती ओव्या आहेत, कोणती दोनदा आली, कुठे जातं आहे, सगळं समोर दिसायला लागतं. शेवटी एक्स्पोर्ट करताना 'मल्टिपल फाइल्स' निवडून लेबलांप्रमाणे तोडायला सांगितलं की प्रत्येक ओवीची वेगळी फाइल तिच्या नावानिशी तयार होते. लेबलांची यादी वेळेसकट मजकूर म्हणूनही बाहेर काढता येते. पुढे कधी ओव्या लिहून काढायला बसलात तर ती हाताशी असेल.

आता कुत्रा. आईचा आवाज बारीक आहे म्हणून तुम्ही पूर्ण फाइल निवडून 'अ‍ॅम्प्लिफाय' उघडाल, तर ते अर्धा-एक डेसिबल (आवाजाची पातळी मोजायचं माप) वाढवायला सुचवेल आणि काहीच फरक जाणवणार नाही. याचं कारण भुंकणं. हे हत्यार फाइलमधलं सर्वांत उंच टोक कमाल पातळीला, म्हणजे शून्य डेसिबलला टेकेपर्यंतच वाढवतं, आणि कुत्र्याचा सुळका आधीच तिथे टेकलेला असतो. म्हणून आधी फक्त भुंकणं निवडा, अ‍ॅम्प्लिफायमध्ये उणे १५ घाला. मग पुन्हा पूर्ण फाइल निवडून अ‍ॅम्प्लिफाय उघडा, आता ते बराच मोठा आकडा सुचवेल. दर ६ डेसिबलला पट्टीची उंची दुप्पट होते एवढं लक्षात ठेवा. सुचवलेला आकडा तसाच न घेता एक-दोनने कमी घ्या. 'अलाउ क्लिपिंग'च्या चौकटीवर खूण करू नका, नाहीतर टोकं छाटली जातात आणि आवाज फाटतो. रेकॉर्डिंगच्या वेळीच फाटलेला आवाज मात्र नंतर नीट होत नाही.

पंख्यासाठी 'इफेक्ट' मेनूत 'नॉइज रिडक्शन' आहे. हे सतत एकसारख्या आवाजावर चालतं, कुत्रा-हॉर्न यांच्यावर नाही. दोन-तीन सेकंद नुसता पंखा असलेली जागा निवडा आणि 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा. हे झालं त्याला ओळख करून देणं. मग पूर्ण फाइल निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडा, ६ डेसिबल ठेवा आणि लागू करण्याआधी 'रेसिड्यू' निवडून प्रिव्ह्यू ऐका. काढून टाकला जाणार असलेला आवाज तेवढाच ऐकू येतो. त्यात नुसती घरघर असेल तर ठीक. आईचे शब्द ओळखू येत असतील तर तुम्ही पंख्याबरोबर आईलाही काढताय, आकडा खाली आणा. 'रिड्यूस' परत निवडल्याशिवाय ओके मात्र दाबू नका. १२ च्या वर या कामासाठी जाऊच नका.

इथे थोडं थांबून सांगायचं आहे. जातं फिरवत म्हटलेल्या ओव्यांमधून प्रोफाइल घेऊ नका. जात्याची घरघर हा तुमच्यासाठी नॉइज नाही. ओवीची लय त्या फिरण्यातून येते, दगडाचा आवाज कुठे जड होतो, कुठे सुटतो, त्यावर आई ओळ टाकत असते. प्रोग्रामला हे कळत नाही, त्याच्या लेखी ती पंख्यासारखीच एक घरघर. म्हणून प्रोफाइल नुसत्या पंख्याचं घ्या आणि जात्याचे भाग वेगळे निवडून तिथे रेसिड्यू दोनदा ऐका. त्यात जातं ऐकू आलं तर तेवढा भाग सोडून द्या. याच कारणाने 'ट्रंकेट सायलेन्स'च्या वाटेला जाऊ नका. ते मधल्या थांब्यांना कात्री लावतं, आणि ओवीत दोन ओळींमधला थांबा ओवीचाच असतो.

मी सुरुवातीच्या काळात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची मुलाखत अशीच 'स्वच्छ' केली होती. ओसरीवर बसून बोललेले होते, चिमण्या होत्या, लांबून रहाटाचा आवाज होता. मी सगळं घासूनपुसून काढलं. आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला आणि ओसरी नाहीशी झाली. त्यांच्या मुलीने ऐकून विचारलं, "हे आमच्या घरी रेकॉर्ड केलेलं का?" मूळ फीत तोवर दुसऱ्या कामासाठी वापरली गेली होती. ते गृहस्थ पुढच्या वर्षी गेले. अजूनही कोणी 'पूर्ण क्लीन करून द्या' म्हणालं की मला ती मुलगी आठवते.

सेव्ह आणि एक्स्पोर्ट यांत गल्लत करू नका. सेव्ह केल्यावर तयार होते ती ऑडॅसिटीची स्वतःची फाइल, तिच्यात तुमचे तुकडे, लेबलं सगळं सुटं-सुटं असतं. ती मावशीच्या मोबाइलवर वाजणार नाही. ऐकायला द्यायची ती एक्स्पोर्ट करून. जपून ठेवायला डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी, या प्रकारांत आवाजातलं काही टाकून दिलं जात नाही; पाठवायला एमपी३. एमपी३ करताना दर सेकंदाला किती माहिती ठेवायची तो आकडा केबीपीएसमध्ये विचारतात, एका माणसाच्या मोनो आवाजाला ९६ पुरतं. एमपी३ करताना काही बारीक भाग कायमचा टाकून दिला जातो, आणि पिठाचं परत धान्य होत नाही. म्हणून पुढची दुरुस्ती एमपी३ उघडून करू नका, ऑडॅसिटीच्या फाइलवर या.

इक्वलायझर, कॉम्प्रेसर, स्पेक्ट्रोग्राम हे सगळं राहू द्या. ते वाईट नाही, पण तुमच्या या ४० मिनिटांना त्याची गरज नाही. एफ२ वरचं 'एन्व्हलप' हत्यार मात्र महिन्याभराने जरूर शिका. पट्टीवर टाचण्या टोचून आवाज हळूहळू वर-खाली करता येतो आणि आई मोबाइलपासून लांब वळली असेल तिथे ते फार छान कामाला येतं.

आणि आई अजून म्हणते आहे, तर पुन्हा रेकॉर्ड करा. मोबाइल तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर, समोर न धरता जरा बाजूला, म्हणजे 'फ' आणि 'भ'ची हवा थेट माइकवर आपटत नाही. खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, जात्याची थरथर जमिनीतून मोबाइलमध्ये येते. पंखा बंद करता आला तर उत्तम. उकाड्याने तिला त्रास होत असेल तर चालू ठेवा, त्यासाठी नॉइज रिडक्शन आहे. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिले दहा सेकंद कोणी बोलू नका, जातंही फिरवू नका, प्रोफाइलला तीच जागा लागते. मग तिला तिचं नाव, माहेरचं गाव आणि ही ओवी कोणाकडून शिकली ते विचारा. उत्तर तिच्याच आवाजात येऊ द्या आणि तिथे पहिलं लेबल टाका.